बहात्तर

साठपर्यंत काही नाही.
पासष्टला आरसा पुसट होतो,
मागचा एक ट्रक दोन ट्रक होतो.
बहात्तरला सुरू होतं,
आधी तळव्यांत, मग दाढांत,
काकती मागं पडेस्तोवर
कप्प्यातला स्क्रू-ड्रायव्हर आपोआप बोलू लागतो.
पंच्याऐंशीला परत सगळं गप्प,
वाद अर्ध्यावर टाकून कुणी उठून गेल्यागत.

उद्यमबागेत दस्तगीर नालबंद म्हणाला,
ताई, तोंडानं सांगू नका, तोंड चुकतंय.
त्यानं स्टीलचा पेला काठोकाठ भरला,
पुढं पायाशी ठेवला, मग मागं.
स्टेअरिंग हाललं तर पुढचं चाक,
बूड हाललं तर मागचं काहीतरी.
मागच्या सीटवर आमचे आप्पा,
एक्याऐंशी वर्षांचे, पँटवर पाणी सांडलेले.
तिला काही झालेलं नाही, म्हणाले. ती तशीच पळते.

चारही चाकांना शिशाचे तुकडे लावून झाले.
टायर पुढचे मागं, मागचे पुढं.
वंटमुरीच्या उतारावर त्यानं मला
न्यूट्रल करायला लावली. इंजिनाचा आवाज बसला
आणि थरथर तशीच, उलट स्पष्ट,
जेवणाच्या पंगतीत सगळे एकदम थांबावेत
आणि आपलंच वाक्य मोठ्यानं ऐकू यावं, तशी.
इंजिन नव्हे, दस्तगीर म्हणाला.
इंजिन गप आहे आणि ही बोलायलीय.

मग खड्डा. मग टॉर्च.
मग रॉकेलचं फडकं, आणि कित्येक वर्षांच्या ग्रीसखाली
प्रोपेलर शाफ्टवर कोरलेला एक बाण.
दुसरा बाण दुसऱ्या तुकड्यावर.
दोघांनी समोरासमोर बघायचं असतं.
हे दोघं, वाटणी झालेल्या भावांसारखे,
एक छताकडं, एक भिंतीकडं.
दोन दात चुकलेत, खालून आवाज आला.
कुणी बसवलाय हा, हौशी माणसानं?

स्टुलावर बसलेले आप्पा
चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला.
शहाऐंशी साल, म्हणाले. संकेश्वरच्या अलीकडं.
क्रॉस तुटला. रात्रीचे अडीच.
बॅटरी तुझ्या आईच्या हातात, आई झोपेत.
मी बाण बघितले नाहीत.
थोड्या वेळानं:
नंतर बघितले.
मग?
मग साठनं चालवली.

अडतीस वर्षं!
निपाणीच्या मावशीच्या लग्नात
आम्ही अक्षता संपल्यावर पोचलो, थेट जिलेबीला.
कोल्हापूरला दवाखान्यात पोचलो, तर
आत्या बरी होऊन घरी गेलेली.
लोक म्हणायचे, शिदाप्पा किल्लेकरांसारखं
जपून चालवावं माणसानं.
पोरांना दाखला द्यायचे. मलाही.
मी साठवरच शिकले, आणि कितीतरी गोष्टी
मी साठवरच केल्या.

उघडून घ्यायचा की हो, मी म्हटलं.
उघडायला शंभर रुपये होते, आप्पा म्हणाले.
सांगायला…
आणि पुढं कानडीत दस्तगीरला काहीतरी बोलले,
त्यावर तो खड्ड्यातून हसला. हौद्री, म्हणाला, हौद्री.
मला कानडी येतं. तरी मी न समजल्यासारखं केलं.

दोन दात फिरवले. टक्.
पाऊण तासाचं काम, चहासकट.

परत तोच रस्ता.
पासष्ट. आरशात एकच ट्रक.
सत्तर. उसाची ट्रॉली मागं गेली.
बहात्तरला मी दात घट्ट दाबून धरले,
सवयीनं. दाढा मोकळ्याच राहिल्या.
पेल्यातलं पाणी जिथल्या तिथं,
वर एक चिलट बसलेलं.

आप्पा पुढं वाकले. किती?
बहात्तर.
काही बोलले नाहीत. होनग्याचा फाटा गेला.
मग पेला उचलला, चिलट बोटानं काढलं,
पाणी पिऊन टाकलं
आणि म्हणाले, जरा हळू घे.
सवय नाही.